रिकामं होणं

आजचं वाचन: फिलिप्पै 2:5-11



देव असूनही ख्रिस्त दास झाला, आपल्यासाठी वधस्तंभावर मेला. हे मानणारा माणूस जगतो कसा?

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) बघा. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. नातलग तुटले, लक्ष्मीबाईही काही वर्षं दुरावल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरंच राहिलं.

एवढं सोडून त्यांनी तारण मिळवलं नाही. ते ख्रिस्ताने आधीच फुकट दिलं होतं, म्हणून हात मोकळे झाले.

मी मात्र पगारवाढ अडली की आठवडाभर कुढतो.

प्रभू, माझी मूठ उघड. आमेन.