टिळकांची साक्ष

सभेत साक्ष देण्यास उठताना पुष्कळ बंधू कचरतात; आपणास नीट बोलता येत नाही, असे त्यांस वाटते. अशांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र ध्यानी घ्यावे.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांची वाणी कवीची, तरी घरचे मन वाणीने जिंकले गेले नाही. लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा त्यांनी त्यांच्या सोवळ्यावर बळजबरी केली नाही, धीर धरला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांनी लिहिलेली 'स्मृतिचित्रे' अवघ्या महाराष्ट्राने वाचली.

टिळकांनी अभंग व कीर्तन या आपल्या देशी रीतीने गावोगावी ख्रिस्त सांगितला. १९१९ साली ते प्रभूकडे गेले.

प्रिय बंधुभगिनींनो, साक्षीस पांडित्य लागत नाही. प्रभूने आपणासाठी जे केले, ते आपल्याच बोलीत सांगावे; मात्र ते आधी घरच्यांस आपल्या वागण्यात दिसावे, इतकेच आम्ही विनवितो.