मूकनायक सुरू करून पाच महिन्यांत लंडनला गेलेले बाबासाहेब

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी होते. 1937 साली याच दिवशी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आले आणि या बंगल्यात मुक्कामी राहिले, म्हणून ही गर्दी. भीमगीतं, पुस्तकांचे स्टॉल, पावसाची भुरभुर. गेल्या खेपेला तिथेच एका मुलाने मला बाजूला घेतलं. इंजिनिअर झालेला, एम.एस.साठी अमेरिकेला जायचंय, राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतोय. पण ताई, मला परत यायचं नाहीये, असं त्याने हळूच सांगितलं. शिक्षण हा रस्ता आहे, पोचायचंय ते तिथे कायमचं राहण्यापर्यंत. घरात काका म्हणतात, बाबासाहेब परत आले म्हणून आपण माणसात आलो. मित्र म्हणतात, जा आणि मागे वळून बघू नकोस. ही गद्दारी आहे का, हा त्याचा प्रश्न होता.

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले. नंतर बाबासाहेबांची ती दहा वर्षं, 1913 ते 1923, पुन्हा नीट वाचली. आपण ती दोन ओळींत संपवतो: कोलंबिया, लंडन, डिग्र्यांची यादी. मधलं सगळं गाळलं जातं, आणि या मुलाला हवं ते नेमकं त्या मधल्या भागात आहे.

1913 च्या फेब्रुवारीत वडील रामजी सकपाळ गेले. चार महिन्यांनी, 4 जूनला, बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. म्हणजे परत येणं हा त्या वेळी त्यागाचा भाग नव्हता, कराराचा भाग होता. आपल्याकडे हे सांगायला थोडा संकोच वाटतो. मला वाटत नाही. पैसे कोणाचे आणि त्याबदल्यात काय द्यायचं, हे जाण्याआधी कागदावर स्पष्ट होतं, आणि बाविशीतल्या तरुणाने ते समजून सही केली होती.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. तिथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, जो पुढे आयुष्यभर उपयोगी पडला. अर्थशास्त्र मुख्य, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं मिळेल ते शिकले. 1915 मध्ये एम.ए. 9 मे 1916 ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जाता जाता सांगते, 2022 च्या नियमांनी केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजव्यवस्थेवरचे विषय वगळले. त्या नियमाने हा विषय घेऊन बाबासाहेबांना जाता आलं नसतं.

त्यांच्या मनावर अमेरिकेने काय केलं, ते त्यांनी पुढे स्वतःच नोंदवलं आहे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. आज तिकडे गेलेली आपली मुलं फोनवर हेच सांगतात: आडनाव विचारत नाहीत. (आता विचारायला लागलेत, हेही खरं. फेब्रुवारी 2023 मध्ये सिॲटल शहराला जातीभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही.)

मग ते तिथेच का राहिले नाहीत? अमेरिकेपुरतं उत्तर कोरडं आहे. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद केलं, विद्यार्थ्यांसारखे मोजके अपवाद सोडून. फेब्रुवारी 1923 मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असं ठरवलं. ब्रिटनचं तसं नव्हतं. ते ब्रिटिश प्रजाजन होते, लंडनमध्ये राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. 1916 च्या जूनमध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्हीकडे नाव घातलं. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याने परत बोलावलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान ज्या बोटीने पाठवलं ती पाणबुडीने बुडवली. बडोद्याला जाण्याचा खर्च त्या सामानाच्या नुकसानभरपाईतून निघाला.

बडोद्यात काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे, तरी एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस कोलंबियाचा एम.ए. होता, संस्थानाचा अधिकारी म्हणून आला होता, आणि राहायला खोली मिळेना. पारशी नाव लिहून पारशांच्या मुक्कामाच्या जागेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खाली करा म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्याचं टाळलं. ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. समाजशास्त्राच्या वर्गात स्थलांतराची कारणं ढकलणारी आणि ओढणारी अशी शिकवतात. 1917 च्या सप्टेंबरात त्यांच्याकडे ढकलणारी कारणं गाडीभर होती.

यापुढचा तुकडा चळवळीतल्या मुलामुलींनी खास वाचावा. 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पैसे साठवायला लागले. 31 जानेवारी 1920 ला मूकनायक निघालं. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी हा तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर त्यांना उभं केलं. मेअखेरीस नागपूरची परिषद. चळवळ अशी पेटलेली असताना, जुलै 1920 मध्ये, ते राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची बचत, भथेनाकडून पाच हजारांचं कर्ज, शाहू महाराजांची मदत.

आज कुणी कार्यकर्ता असा निघाला तर आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं काय करू, याचा विचार करून बघा.

त्याची किंमत पडली. मूकनायक त्यांच्यामागे नीट चाललं नाही, 1923 पर्यंत बंदच पडलं. ज्यांनी त्यांना पुढारी म्हटलं ते शाहू महाराज 1922 च्या मे महिन्यात वारले, तेव्हा ते लंडनमध्ये होते. आणि सगळ्यात जास्त किंमत रमाईने मोजली. परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत तिने संसार ओढला. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, शेवटचा राजरत्न 1926 मध्ये. परदेशी शिक्षणाच्या यशोगाथेत हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाही. लंडनमध्ये ते स्वतःही अर्धपोटी राहून दिवसभर लायब्ररीत बसत होते, हे खरं. पण ती निवड त्यांची होती. रमाईला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला बाई म्हणून पडतो, आणि बाबासाहेबांवर श्रद्धा असूनही मी तो पुसत नाही.

1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर. मग काही काळ जर्मनीत बॉन विद्यापीठ. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. हातात पैसे उरले नव्हते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, दुरुस्त्या इथून करून पाठवल्या आणि पदवी मिळवली. म्हणजे दुसऱ्यांदा परतण्याच्या मुहूर्तालाही पैशांची अडचण होतीच. 1924 च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा, 1927 मध्ये महाड. बडोद्यानंतरही परत येऊन त्यांनी जे केलं तिथे त्यांचा निर्णय दिसतो, बोटीच्या तिकिटात नाही.

आणि परत येऊन काय मिळालं, ते आपल्या खानदेशानेच दाखवलं. 1929 च्या ऑक्टोबरात ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून या भागात फिरत होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपले लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा दोनेक मैलांवर, पण टांगा येईना. तासाभराने आला. हाकणारा नवखा होता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, टांगा आणि घोडा नदीत. नंतर कळलं ते असं: टांगेवाल्यांना अस्पृश्याला बसवून हाकणं कमीपणाचं वाटलं. भाडं घेऊन टांगा दिला, पण हाकायला आला नाही, म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम धरले. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला वरचा ठरला. ही हकीकत बाबासाहेबांनी ज्या छोट्या पुस्तकात लिहिली, त्याचं नाव वेटिंग फॉर अ व्हिसा. व्हिसाच्या रांगेत उभ्या आपल्या मुलांनी ते जाण्याआधी वाचावं. त्यातले बहुतेक प्रसंग परदेशातले नाहीत, इथलेच आहेत.

एवढं होऊनही त्यांनी आपल्या मुलांना परदेशी जाऊ नका असं सांगितलं नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 1942 मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी वेगळे पैसे मागितले आणि अनुसूचित जातीचे विद्यार्थी बाहेर पाठवले. पुढे मार्च 1956 मध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांनी निराशा केली हे दुःख त्यांनी बोलून दाखवलं. काका मंडळी हे भाषण हत्यार म्हणून वापरतात. पण ते दुःख फक्त परदेशी गेलेल्यांवर नव्हतं. इथे राहून, नोकरी लागून, वस्तीकडे पाठ फिरवलेल्यांवर होतं. धुळ्यातच राहून कधीही लळिंगला न येणारे अधिकारी मला माहीत आहेत.

त्या मुलाला मी नंतर फोन केला. सरळ सांगितलं की राहण्यासाठी जायचं असेल तर तो गुन्हा नाही, पण राज्याच्या शाहू महाराज शिष्यवृत्तीत वर्षाला 75 जागा आहेत आणि अटी लेखी आहेत, त्या सहीआधी वाच. शिक्षणाचा व्हिसा म्हणजे पीआर नव्हे. अमेरिका विद्यार्थी व्हिसा देताना परत जाणार हे गृहीत धरते, पदवीनंतर कामाला साधारण एक वर्ष मिळतं, तांत्रिक विषयाला तीन, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दशकांची आहे. एजंट हे शेवटी सांगतो, प्लॉट गहाण पडल्यावर. आणि आईला खरं सांग, असंही म्हटलं. तिला वाटतंय तू दोन वर्षांसाठी चाललास.

अर्ज गेला आहे, निकाल अजून लागायचाय. आईला त्याने सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या पेटीतून त्याचे शाळेचे दाखले काढले आणि पासपोर्टच्या फायलीत ठेवून दिले.