गृहरक्षणासाठी मागितलेले मत
फ्रान्सेस विलर्ड (1839-1898)



दारूचा गुत्ता उघडण्यास परवाना कोण देतो आणि त्या गुत्त्याची झळ कोण सोसतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत परवाना देणारे सर्व पुरुष होते. झळ सोसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती आणि त्यांच्या हाती मताचा अधिकार नव्हता. हा अन्याय कायद्याच्या मार्गाने दूर व्हावा म्हणून जिने आपले आयुष्य वेचले, त्या फ्रान्सेस विलर्ड या ख्रिस्ती भगिनीची जीवनकथा आज आपणापुढे ठेवीत आहोत.

फ्रान्सेसचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील चर्चव्हिल या गावी 28 सप्टेंबर 1839 रोजी झाला. कुटुंब मेथडिस्ट पंथाचे होते. तिचे बालपण विस्कॉन्सिनमधील शेतावर मोकळ्या वातावरणात गेले. 1856 साली थोरला भाऊ ऑलिव्हर वडिलांबरोबर प्रथमच मत देण्यास निघाला, तेव्हा ती खिडकीतून पाहत राहिली. बुद्धीने ती भावाहून कमी नव्हती, तरी मतपेटीची वाट तिला बंद होती. ही सल तिच्या मनातून कधीच गेली नाही.

1858 साली हे कुटुंब शिकागोजवळील इव्हॅन्स्टन गावी राहावयास आले. तेथील विद्यापीठाच्या सनदेतच अशी अट होती की, विद्यापीठापासून चार मैलांच्या आत मद्यविक्री होऊ नये. 1862 साली ही अट इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकून राहिली. कायदा घराचे रक्षण करू शकतो, हे फ्रान्सेसने असे आपल्या अंगणातच पाहिले. मात्र कायद्याने गाव कोरडे झाले तरी प्रत्येक मन कोरडे होत नाही, हेही तिला पुढे कळले. धर्मसेवेची दीक्षा घेतलेला ऑलिव्हर मद्याच्या आहारी गेला आणि 1878 साली अकाली मरण पावला.

1871 साली ती इव्हॅन्स्टन येथील स्त्रियांच्या महाविद्यालयाची प्रमुख झाली. पुढे ते महाविद्यालय विद्यापीठात विलीन झाले. अधिकारांविषयी मतभेद होऊन 1874 साली तिने राजीनामा दिला. त्याच सुमारास ओहायो राज्यात एक अपूर्व चळवळ उठली होती. डिसेंबर 1873 पासून हिल्सबरो व इतर गावांतील स्त्रिया गुत्त्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या, गीते गात होत्या. फ्रान्सेसनेही पिट्सबर्ग येथील एका गुत्त्यात भुसा पसरलेल्या जमिनीवर गुडघे टेकून प्रार्थना केली. तिच्यापुढे दोन आमंत्रणे होती : न्यूयॉर्कमधील एका शाळेचे चांगल्या वेतनाचे प्रमुखपद आणि शिकागोतील मद्यनिषेध मंडळाचे बिनवेतनी अध्यक्षपद. तिने दुसरे स्वीकारले.

प्रार्थनेने शेकडो गुत्ते बंद झाले; परंतु थोड्याच महिन्यांत त्यांतील बहुतेक पुन्हा उघडले, कारण परवान्याचा कायदा जागच्या जागी होता. बिअर गाळणाऱ्या कारखानदारांनी 1862 सालीच आपला राष्ट्रीय संघ स्थापिला होता. मद्यावरील करातून सरकारी तिजोरीत मोठी भर पडत असे, त्यामुळे या संघाच्या शब्दाला राजधानीत वजन होते. स्त्रियांच्या अश्रूंना तसे वजन नव्हते.

नोव्हेंबर 1874 मध्ये क्लीव्हलंड येथे स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यनिषेध संघ स्थापन झाला व फ्रान्सेस त्याची चिटणीस झाली. 1876 साली तिने धाडसी मागणी मांडली : दारूच्या परवान्याच्या प्रश्नावर स्त्रियांना मत असावे. तिने या मताला गृहरक्षणाचे मत असे नाव दिले. संघाच्या अध्यक्षांनाही ही मागणी रुचली नाही. तरी तिने माघार घेतली नाही. 1879 साली तिने लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज इलिनॉयच्या विधिमंडळापुढे ठेवला. तो फेटाळला गेला. पण त्याच वर्षी संघाने तिला अध्यक्ष निवडले आणि मरेपर्यंत ती त्या पदावर राहिली. अन्यायी न्यायाधीशापुढे पुनःपुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला आपणांस ठाऊक आहेच. फ्रान्सेसची चिकाटी त्याच जातीची होती.

तिच्या काळात मद्यधंद्याला कायद्याचे एकामागून एक तडाखे बसले. 1880 साली कॅन्सस राज्याने आपल्या घटनेतच मद्यबंदी घातली. आपला कारखाना निरुपयोगी झाला, ही मालमत्तेची हानी होय, अशी तक्रार एका बिअर कारखानदाराने केली. 1887 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जनतेच्या आरोग्यासाठी व नीतीसाठी राज्य असा धंदा नुकसानभरपाई न देताही बंद करू शकते. परंतु 1890 साली त्याच न्यायालयाने सांगितले की, परराज्यातून मूळ बांधणीत आलेले मद्य राज्याला अडवता येणार नाही. काही महिन्यांतच संसदेने नवा कायदा करून ती वाट बुजविली. शाळांतून मद्याच्या दुष्परिणामांचे शिक्षण सक्तीचे करणारे कायदेही संघाने राज्याराज्यांतून करवून घेतले.

आपल्या पंडिता रमाबाईंचा या कार्याशी निकटचा संबंध आला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांचा फ्रान्सेसशी स्नेह जडला व संघाच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. स्त्रियांनी स्वतः चालविलेल्या या संघटनेची माहिती रमाबाईंनी 1889 साली आपल्या अमेरिकेवरील मराठी ग्रंथातून महाराष्ट्राला दिली.

सत्यासाठी एक गोष्ट झाकून ठेवू नये. 1890 साली दिलेल्या एका मुलाखतीत फ्रान्सेसने दक्षिणेतील काळ्या लोकांविषयी अपमानकारक व निराधार उद्गार काढले. जमावाच्या हातून होणाऱ्या काळ्यांच्या हत्यांविरुद्ध लढणाऱ्या आयडा वेल्स यांनी तिला जाहीरपणे जाब विचारला आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी झटणारे हृदयही दुसऱ्याच्या घराविषयी कठोर होऊ शकते, हा इशारा आपण ध्यानी घ्यावा.

17 फेब्रुवारी 1898 रोजी न्यूयॉर्क येथे फ्रान्सेस प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. 1905 साली अमेरिकेच्या संसदभवनातील पुतळ्यांच्या दालनात तिचा पुतळा उभा राहिला. तेथे मान मिळालेली ती पहिली स्त्री होय. 1920 साली देशभर मद्यबंदी आली आणि त्याच वर्षी स्त्रियांना मताधिकारही मिळाला. मद्यबंदी 1933 साली रद्द झाली, मताधिकार टिकला.

वाचकहो, यातून आपण काय घ्यावे? वरून लादलेला निर्बंध मोडून पडू शकतो. झळ सोसणाऱ्याच्या हाती दिलेला अधिकार मात्र मुळे धरतो. आपल्या राज्यघटनेचे 47 वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास राज्याला सांगते. महाराष्ट्रात तर एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर गावातील मद्याचे दुकान बंद होते. इलिनॉयने 1879 साली जे नाकारले, तेच हे गृहरक्षणाचे मत होय. आपल्या मंडळीतील भगिनी ते मागण्यास पुढे आल्या, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करावीच. शिवाय त्यांच्या अर्जावर सह्या गोळा करण्यास घरोघर त्यांच्याबरोबर जावे.