डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन

गेल्या जून महिन्यात अष्टमीहून एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा तोंडी हिशेबात चलाख, घरची सायकल स्वतः दुरुस्त करणारा. परंतु पुस्तक उघडले की 'घर'चे 'धर' व 'भाजी'ची 'माजी' होई. वडिलांनी दोनदा चष्मा बदलून पाहिला होता. त्यांस आम्ही ज्या वैद्याची हकीकत सांगितली, तीच येथे देत आहो.

सॅम्युएल टॉरी ऑर्टन यांचा जन्म इ.स. १८७९ मध्ये अमेरिकेतील कोलंबस शहरी झाला. त्यांचे वडील नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ असून ओहायो येथील विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते. चिरंजीवांनी मात्र मेंदूच्या विकारांचा अभ्यास पत्करला, आणि १९१९ मध्ये आयोवा संस्थानातील नव्या मनोरुग्णालयाचे ते संचालक झाले.

१९२५ च्या जानेवारीत ग्रीन परगण्यात त्यांनी दोन आठवड्यांचे फिरते चिकित्सालय भरविले. शाळामास्तरांनी अभ्यासात मागे पडलेली मुले त्यांच्यापुढे आणली. त्यांत एक सोळा वर्षांचा मुलगा होता. त्यास वाचता येत नव्हते, आणि बुद्धिमापनात त्याचे गुण अवघे ७१ भरले. दुसरा कोणी असता तर मंदबुद्धीचा शेरा मारून मोकळा झाला असता. ऑर्टन यांनी त्याच्याशी निवांत संभाषण केले, आणि हे माप त्याच्या खऱ्या बुद्धीचे नव्हे असे त्यांस वाटले. आमच्या मते त्यांचे मोठेपण या एका गोष्टीत आहे.

अशा मुलांची हकीकत त्यापूर्वी अगदीच अज्ञात नव्हती. इंग्लंडातील डॉक्टर मॉर्गन यांनी १८९६ मध्ये एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाविषयी लिहिले होते, व ग्लासगोचे नेत्रवैद्य हिन्शेलवुड यांनी १९१७ मध्ये या जन्मजात शब्दांधत्वावर ग्रंथच प्रसिद्ध केला. ऑर्टन यांचे लक्ष विशेषेकरून अक्षरांच्या उलटापालटीकडे गेले. इंग्रजीतील 'बी' व 'डी' ही अक्षरे ही मुले एकमेकांच्या जागी वाचीत, आणि काहींना आरशातले लिखाण सरळ लिखाणापेक्षा सुलभ जाई. डोळ्यांत दोष नाही, हे त्यांनी ओळखले. मेंदूच्या दोन गोलार्धांत अक्षराचे ठसे परस्परांविरुद्ध उमटतात, आणि एका गोलार्धाचे प्रभुत्व स्थिर न झाल्यास गोंधळ होतो, असा त्यांनी तर्क केला. या व्यंगास त्यांनी स्ट्रेफोसिम्बोलिया, म्हणजे चिन्हांची पिळवट, असे नाव दिले.

हा तर्क पुढे टिकला नाही, हे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. १९७० नंतरच्या दशकात वेल्लुटिनो यांनी हिब्रू लिपी न जाणणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवून आठवणीने उतरवावयास सांगितले. वाचनात अडखळणारी मुले इतरांच्या बरोबरीनेच उतरली! तेव्हा त्यांची नजर आकृती बरोबर टिपत होती. अडचण होती ती आकृती व उच्चार यांची सांगड घालण्यात. २०१३ मध्ये गिनेव्हिअर ईडन व त्यांच्या सहकाऱ्यांस असे आढळले की, या मुलांच्या मेंदूत हालचाल पाहणाऱ्या भागाची जी मंदता दिसते, ती कमी वाचनाचा परिणाम असावी. कारण वाचनाचे शिक्षण मिळताच त्या भागाचे काम वाढले.

परंतु उपपत्ती चुकली तरी उपाय चुकला नाही. अक्षर पाहावे, त्याचा उच्चार ऐकावा व करावा, आणि त्याच वेळी हाताने गिरवावे, असा ऑर्टन यांचा आग्रह होता. अॅना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन या दोन शिक्षिकांनी त्यावरून पायरीपायरीची अध्यापनपद्धती तयार केली. ऑर्टन यांचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. १९४८ मध्ये ते निवर्तले, व पुढील वर्षी त्यांच्या नावाची संस्था निघाली.

आपल्या महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती मिळाल्या त्या १९९६ मध्ये. त्यापूर्वी किती मुले बाकावर उभी राहिली असतील! एकास आम्हीच महिनाभर उभे केले होते. तो पुढे शाळा सोडून गेला, आणि त्याचा चेहरा आम्हांस अजून आठवतो.

अष्टमीचा मुलगा दर शनिवारी सकाळी येतो. वाळूच्या ताटात 'घ' आणि 'ध' मोठ्याने म्हणत गिरवतो. ती दोन अक्षरे आता वेगळी झाली आहेत. 'भ' मात्र अद्याप त्यास दाद देत नाही.