सगळीच्या सगळी ऑड्री

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात आपण काय शोधतो? आपला ग्रुप! अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्डला तो सापडायला अर्धं आयुष्य लागलं.

१८ फेब्रुवारी १९३४ ला न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म झाला. आई-वडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. लहानपणापासून डोळे खूप अधू. शाळेच्या अंकाने नाकारलेली कविता या पोरीने थेट 'सेव्हन्टीन' मासिकाला पाठवली आणि ती छापून आली!

पन्नाशीच्या दशकात ती ग्रीनिच व्हिलेजमधल्या लेस्बियन बारमध्ये जायची. इथे तरी आपली माणसं भेटतील असं वाटलेलं. पण तिथे बहुतेक जणी गोऱ्या. दारावर वयाचा पुरावा मागायचे तोही हिच्याकडेच. गोऱ्या मैत्रिणींना वाटायचं, आपण सगळ्या सारख्याच. वर्णाचा विषय निघायचाच नाही. कृष्णवर्णीय लेखकांच्या गटात गेली, तर तिथे तिचं बायकांवर प्रेम करणं खटकायचं. म्हणजे कुठेही जा, अर्धी ऑड्री दाराबाहेर!

मध्ये ग्रंथपालाची नोकरी, १९६२ मध्ये लग्न, दोन मुलं, मग घटस्फोट. १९६८ मध्ये मिसिसिपीत कविता शिकवताना तिला फ्रान्सिस क्लेटन भेटली. पुढे दोघींनी मिळून मुलं वाढवली.

१९७८ मध्ये कॅन्सरमुळे एक स्तन काढावा लागला. कृत्रिम स्तन लावून ते झाकायला तिने साफ नकार दिला. त्या दिवसांत तिला सावरलं ते मैत्रिणींनी.

१९८० मध्ये तिने बार्बरा स्मिथ आणि इतर जणींसोबत 'किचन टेबल' ही प्रकाशनसंस्था काढली. गोऱ्या नसलेल्या बायकांची पुस्तकं, त्यांनीच छापलेली. नाव असं का? बायका एकत्र जमून काम करतात, बोलतात ती जागा स्वयंपाकघराची! १९८२ मधल्या आत्मकथेला तिने 'झामी' नाव दिलं. एकत्र काम करणाऱ्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी तिच्या आईच्या बेटावरचा हा शब्द.

१९८४ मध्ये ती पश्चिम बर्लिनमध्ये शिकवायला गेली. तिथल्या कृष्णवर्णीय जर्मन मुली बऱ्याचदा गोऱ्या लोकांत एकेकट्या वाढलेल्या. एकमेकींना शोधा, स्वतःबद्दल लिहा, असा तिने धोशाच लावला. १९८६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली.

१७ नोव्हेंबर १९९२ ला सेंट क्रॉय बेटावर ती गेली. वय ५८.

आज कट्ट्यावर बसाल तेव्हा एकदा बघा. आपल्या ग्रुपमध्ये येताना कुणाला स्वतःतलं काही बाहेर ठेवून तर यावं लागत नाही ना?