कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज: मनोविकार की बौद्धिक अक्षमता?

वडगाव, कामशेत भागातून मुलाचा दाखला काढायला आलेले पालक 'वेडा' आणि 'मतिमंद' हे शब्द एकाच अर्थाने वापरतात, तेव्हा मला कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज आठवतात. टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले ते यांच्याच प्रकरणात.

महाराजांचा जन्म १८६३ चा. राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्या वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर आला. तरुणपणी त्यांच्या मनःस्थितीविषयी तक्रारी सुरू झाल्या. सरकारने त्यांना वेडे ठरवले आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, असे 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिले. पुरावा म्हणून छापलेली पत्रे बनावट निघाली आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथे पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जराशी झटापट होऊन त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस.

त्यांना नेमके काय झाले होते, हे इतक्या लांबून कुणी सांगू नये. पण आज असा रुग्ण आला तर डॉक्टर आधी विचारतील, हे कधीपासून? बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयातच दिसते. मूल उशिरा बसते, उशिरा बोलते, शाळेत मागे पडते. निदानासाठी बुद्ध्यांकाबरोबर रोजचे व्यवहार किती जमतात तेही पाहतात. आधी नीट असलेला तरुण बदलला तर मनोविकार शोधावा लागतो आणि तो बहुधा उपचाराने आटोक्यात येतो. (एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात, हे घरचे विसरतात. कधी कधी आम्हीही.)

कायदाही आता वेगळा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानत नाही. मनोविकाराच्या निदानावरून कुणी आपोआप अक्षम ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावे लागते. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाली की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. मावळातल्या कुटुंबाने तो पुण्यात करायचा. दाखल्यावर अपंगत्वाचा प्रकार चुकीचा पडला तर हा अर्ज अडतो, म्हणून दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचून घ्या.