न्यायमूर्ती मुकुंदराव जयकर

महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही दिल्लीकर मराठी माणसे त्यांस संसदेची जुनी वर्तुळाकार इमारत आवर्जून दाखवितो. एकच मराठी कायदेपंडित या वास्तूत कायदेमंडळाचा सभासद, न्यायाधीश आणि घटना समितीचा सदस्य अशा तीन नात्यांनी वावरला, हे सांगावयाचे मात्र आमच्याकडून बहुधा राहून जाते.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म मुंबईत १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. १९०५ साली बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजींसमवेत तेही होते. पुढे केळकर, मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला आणि मध्यवर्ती कायदेमंडळात प्रवेश केला. १९३० साली सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह येरवडा व नैनीच्या तुरुंगांत जाऊन त्यांनी सरकार आणि काँग्रेस यांत तडजोडीचा प्रयत्न केला. तो तेव्हा फसला. मध्यस्थाच्या पदरी दोन्ही बाजूंचा रोष येतो, तसा तो त्यांच्याही आला.

१९३७ साली फेडरल कोर्ट स्थापन झाले. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश, आणि सर शाह सुलेमान व जयकर हे न्यायाधीश. न्यायालय भरे ते याच इमारतीतील नरेंद्रमंडळाच्या दालनात. पहिलेच मोठे प्रकरण आले ते आमच्या वऱ्हाडी मंडळींच्या प्रांताचे. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसविला. हे उत्पादन शुल्क असून तो अधिकार केवळ केंद्राचा, असे हिंदुस्थान सरकारचे म्हणणे. तिघाही न्यायाधीशांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहिली आणि कौल प्रांताच्या बाजूने दिला. गमतीची गोष्ट अशी की, रस्त्यांसाठी पेट्रोलवर केंद्राने जादा कर घ्यावा, अशी शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष दहा वर्षांपूर्वी जयकरच होते!

१९३९ साली ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती डिसेंबर १९४६ मध्ये, घटना समितीत. पंडित नेहरूंनी १३ तारखेस ध्येयांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य गैरहजर होते, संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप यावयाचे होते. १६ तारखेस जयकर उभे राहिले आणि ही मंडळी येईपर्यंत ठराव संमत करू नये, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. कॅबिनेट मिशनच्या योजनेनुसार प्राथमिक बैठकीत घटनेची मूलतत्त्वे ठरविता येत नाहीत, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा होता. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलेले असताना थांबा म्हणणारा माणूस कोणास रुचणार? त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी मात्र वेगळा सूर लावला. कायदेशीर अधिकाराचा वाद बाजूस ठेवून, आज हे पाऊल उचलणे शहाणपणाचे आहे काय, एवढेच पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अखेर समितीने चर्चा जानेवारीपर्यंत पुढे ढकललीच. लीग आली नाही आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. थांबून लीगचे मन वळले नाही, हे खरे. तरीही जयकरांचा सल्ला भित्रेपणाचा होता, असे आम्हांस वाटत नाही. टाळ्या मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही ते बोलले होते.

त्याच वर्षी त्यांनी समितीचे सदस्यत्व सोडले. इकडे फाळणीमुळे डॉ. आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली होती. मुंबई प्रांतातून जयकरांच्या रिक्त जागी जुलै १९४७ मध्ये त्यांची निवड झाली, आणि ऑगस्टअखेर ते मसुदा समितीवर आले.

जयकर पुण्यास गेले. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांनी १९५६ पर्यंत काम पाहिले. १० मार्च १९५९ रोजी ते निवर्तले. विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचे नाव आहे. आमच्यापैकी अनेकांची मुले तेथे अभ्यासास बसली असतील.